शेरा : निरंक

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून येते मी,
दर तीन महिन्यांनी.
माँट्रोजहून बस, मग दोन मैल पायी,
बटाट्याची शेतं थेट कड्यापर्यंत,
आणि मग जमीन संपते
क्रियापदाआधीच तुटलेल्या वाक्यासारखी.

तिथे स्केरीनेसच्या टोकावर ती उभी आहे,
चुन्याची भट्टी.
लांबून येणारे तिला किल्ला समजतात.
दोन तोंडं जमिनीकडे.
तिसरं मागच्या हिवाळ्यात समुद्रानं नेलं.

माझं काम साधं आहे.
भेगांवर बसवलेल्या पट्ट्या वाचायच्या.
भेग चार : दोन मिलिमीटर.
भेग सात : अकरा.
कौन्सिलच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
मी मनात म्हणते निरंक,
आणि त्यांच्या भाषेत एक आडवी रेघ ओढते.

वडील गवंडी होते माझे, फलटणचे.
म्हणायचे, चुन्याला घाई चालत नाही,
आधी त्याचा राग विरू द्यावा.
हौदात कळीचा चुना पडला की
पाणी उकळायचं, आम्हा पोरींना ते लांब ढकलायचे.
हात भाजून निघेल अशा वस्तूला
कळी कुणी म्हटलं असेल?

इथूनही कळीच जायची, गलबतं भरभरून.
खडकाला घासून उभी राहायची ती,
वरून टोपल्या रिकाम्या व्हायच्या.
वाटेत एखादी फळी झिरपली
तर जहाज पेटायचं
पाण्यात, पाण्यानंच.
मालक एडिनबरात. आतली शेतं पिकली,
गावोगावच्या भिंती पांढऱ्या झाल्या.
कुणी कुणाला चुना लावला
हे मराठीत हसत सांगता येतं.
इथे मी गप्प बसते.

युनिस केअर्ड, वय ऐंशी, शेताची मालकीण,
न विचारता फ्लास्कातला चहा ओतते.
एकदा बिस्किटांच्या डब्यातून तिनं वही काढली,
भट्टीचा हिशेब. कोळसा इतक्या गाड्या.
चुना इतकी मापं.
जानेवारी, तारीख बारा :
वॉटी स्पिंक भट्टीच्या माथ्यावर झोपला.

थंडी होती. वर ऊब होती.
खोलीत नव्हती.
धूर दिसला असता तर उठला असता,
पण जे मारतं त्याला रंगही नसतो, वासही.
सकाळी गाल इतके लालबुंद
की पोरं म्हणे हसली आधी,
वाटलं, बाबा लाजलाय.

वहीत एवढंच : मजूर एक कमी.
भट्टी अर्धा दिवस बंद.
शेऱ्याच्या जागी आडवी रेघ.

"त्याची बायको एफी,"
युनिस समुद्राकडे बघत सांगते,
"तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन त्याच जागी.
चार पोरं होती.
आणि ऊबही तिथेच होती ना."

तुमची कोण ती, मी विचारते.
ती कपातला उरलेला चहा
गवतावर झटकते.

आज भेग सात : एकोणीस.
शिंपल्यांचा झालेला दगड,
दगडाची झालेली कळी,
समुद्र आपलं उसनं मोजून परत घेतोय,
मी फक्त मिलिमीटर लिहिते.
ऑक्टोबरातलं ऊन भिंतीवर तासभर टेकलेलं.
मी तळवा ठेवते.
कोमट.
ऊनच आहे, मला माहीत आहे,
शिकलेली बाई आहे मी.
तरी हात काढायला उशीर झाला.

रेघ ओढत नाही या वेळी. लिहिते :
पुढची पाहणी जानेवारीत, तारीख बारा.
भट्टी असली तर.

चार-पंधराची बस.
पिशवीत युनिसनं कोंबलेले सहा बटाटे,
मातीसकट.